विसावं नाव

"सर्वर डाउन आहे," मी बेबीला सांगितलं. साफ खोटं होतं. मोबाइल माझ्याच हातात होता आणि खासगी शाळांतल्या मोफत जागांचा फॉर्म त्यावर उघडलेला होता.

बेबी कागदांची थैली छातीशी धरून दारातच उभी राहिली. तिच्या मागे तिची साडेपाच वर्षांची संहिता. "सरजी, आजच लास्ट डेट आहे ना? मी कामावरून छुट्टी घेऊन आली आहे."

"मग मी काय करू? बंद म्हणजे बंद."

आमची सरकारी प्राथमिक शाळा पाटनीपुऱ्याच्या मागच्या गल्लीत आहे. वर्ग पाच, खोल्या दोन, शिक्षकही दोन. एक मी, शरद. दुसऱ्या आमच्या मुख्याध्यापिका प्रमोदिनीबाई. पट एकोणीस. तीस एप्रिलला पट विसाच्या खाली असला तर शाळा दुसऱ्या शाळेत विलीन करण्यात येईल, असं पत्र वरून आलं होतं. ती तीस एप्रिल आज होती. मला कुठेही टाकलं असतं तरी चाललं असतं. बाईंचं तसं नव्हतं. कापडाच्या मिल चालू होत्या तेव्हा या हिंदीभाषक शहरातल्या मराठी कामगारांच्या मुलांसाठी इथे मराठी वर्ग भरायचे. बाई त्याच वर्गांत शिकल्या आणि पुढे इथेच शिकवायला लागल्या. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. ते इथेच काढायचे आणि याच दारातून घरी जायचं, याहून त्यांचं दुसरं मागणं नव्हतं.

निकालाचं म्हणाल तर सहा वर्षं शंभर टक्के. मागच्या तपासणीला आलेले एक साहेब म्हणाले, "मैडम, इतने कम बच्चों में तो कोई भी सौ परसेंट ले आएगा." बाईंनी त्यांना पाणी दिलं. मी दिलं नसतं.

मराठी वर्ग केव्हाच बंद पडले. त्यांतली एक मोजणी तेवढी उरली. रोज सकाळी मुलं भिंतीला लागून ओळीत बसतात आणि एकेक जण आपला आकडा मराठीत म्हणतो. घरी हिंदी, मालवी बोलणारी पोरं, पण इथे "अठरा, एकोणीस" अगदी खणखणीत. शेवटचा आकडा बाई दाराजवळच्या फळ्यावर लिहितात. बाई लहान होत्या तेव्हा ही मोजणी दोनशेच्या पुढे जायची म्हणे. बेबी इथे शिकायला होती तेव्हाही साठपर्यंत जायची.

तेवढ्यात बाई आतून आल्या. "कोण, बेबी? आणि ही तुझी? नाव घालायला आणलंस होय?" त्यांचा चेहरा असा उजळला की मी दुसरीकडे पाहिलं.

"बाई, ते... फार्म भरायचा होता. प्रायवेटचा. सरजी म्हणतात सर्वर बंद आहे."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मोबाइल खिशात सरकवला.

"बाई, हे तुम्हीच करून ठेवलंय," मी म्हणालो. "चार वर्षांत या गल्लीतले तेवीस फॉर्म तुम्ही स्वतः भरून दिलेत. चौदा पोरांना लॉटरी लागली. ती इथे असती तर पत्रच आलं नसतं."

"नसतं आलं," बाई म्हणाल्या.

"पत्र कसलं?" बेबीने विचारलं. मी निर्लज्जासारखं सगळं सांगून टाकलं. बेबीने थैलीचं तोंड बंद केलं. "मग राहू द्या बाई. हिचं नाव इथंच लिहा. मी पण इथंच शिकली ना."

विसावं नाव समोर उभं होतं. मला हायसं वाटलं. बाई मात्र खुर्चीत बसल्या आणि त्यांनी संहिताला जवळ घेतलं.

"खरं सांग बेबी. हिला तिकडे का घालायची होती?"

बेबीने आधी संहिताकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुकोगंजला ज्या मैडमकडे मी पोळ्या करते ना, त्यांची मुलगी हिच्याच एवढी आहे. ती इंग्लिशमधे फटाफट बोलते आणि ही नुस्ती बघत राहते. मला ते बघवत नाही बाई."

"आज नाव इथे घालू," मी मधेच म्हणालो. "लॉटरी लागली की काढू."

"इथे नाव चढलं की पोर्टल फॉर्म घेत नाही, सर. तुम्हाला माहीत आहे." माहीत होतं. बाईंनी हात पुढे केला. "द्या तो मोबाइल."

मी दिला. बाई चष्मा लावून एकेक रकाना भरू लागल्या. संहिता हळूच सुटून ओळीच्या टोकाला जाऊन बसली. तिकडे मोजणी सुरू झाली होती. एक, दोन, तीन. सतरा, अठरा, एकोणीस. आणि मग एक बारीक, नवा आवाज आला, "वीस."

कोणी शिकवलं होतं तिला? बेबी खाली मान घालून उभी होती. बाईंचं बोट स्क्रीनवर थांबलं. मला वाटलं, आता ठेवतील मोबाइल.

"ओटीपी सांग, बेबी," बाई म्हणाल्या.

मायलेकी गेल्यावर मी माफी मागायला तोंड उघडलं, पण बाईच बोलल्या. "मला ती पोरगी इथे हवी होती हो, सर. फार हवी होती." मग त्या पाचवीच्या वह्या तपासायला बसल्या.

शाळा सुटायच्या सुमारास संकुल केंद्रातून आशिष आला. पट तपासणं हे त्याचं काम. पोरगा भला. त्याने रजिस्टर पाहिलं, फळ्याकडे पाहिलं. तो सकाळपासून कोराच होता. "मैडम, कोई नया एडमिशन नहीं? मैं थोड़ा रुक जाता हूँ."

"नहीं बेटा. गिन लो." बाईंनी मुलांना पुन्हा ओळीत बसवलं.

मोजणी झाली. एकोणीसनंतर ओळीच्या टोकाची जागा मोकळी होती. बाई त्या जागेकडे बघत उभ्या राहिल्या. बाई थांबल्या म्हणून मुलंही थांबली. आशिषही पेनाचं टोपण काढून थांबला. मग बाईंनी खडू घेतला आणि फळ्यावर रोजच्याच वळणदार अक्षरात लिहिलं, एकोणीस.