देवमनची पारख

न्यायासनापुढे सगळी माणसे सारखी असतात. अमरावतीच्या जिल्हा कोर्टाच्या व्हरांड्यात मात्र बाक एकच होते आणि त्यावर जिनाचे, म्हणजे कापसाच्या जिनिंग कारखान्याचे, मॅनेजर खुशालराव बसले होते. देवमन भिंतीला टेकून उभा होता. अडीच वर्षे तो निरनिराळ्या भिंतींना टेकून उभा होता. ही त्यातल्या त्यात गार होती.

"काय म्हणायचं, पुन्हा एकदा सांगा," बापूसाहेब म्हणाले. राजापेठेतले हे वकील देवमनचे अपील फी न घेता चालवत होते, त्यामुळे त्यांना रागावण्याचा अधिकार होता.

"मले जमत नाई."

"आणि?"

"आनखी काईच नाई."

"शाब्बास. कापसाचं ज्ञान पाजळायचं नाही. इथं शहाणपणाला पगार नाही, असमर्थतेला आहे."

"अन् त्यायच्या वकिलानं डिवचलं तं चिडायचं नाई," त्याची बायको दुर्गाबाई म्हणाली. "घरी येऊन चिडा. मी हावो ना."

देवमन बडनेऱ्याजवळच्या एका जिनात बावीस वर्षे कापसाचा पारखी होता. पुंजका दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायचा, धागा कुठे तुटतो ते पाहायचे आणि कापसाची जात सांगायची, भारी जरीला की हलका गावरानी, हे काम. अठ्ठावन्न साली रेच्यात, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रात, त्याला जरा वेगळा कापूस दिसला. त्याने हात घातला. उजवा अंगठा आणि शेजारची दोन बोटे गेली. कापूस खरेच वेगळा निघाला.

जिनाचा नियम होता की कामावर जायबंदी होऊन असमर्थ झालेल्या नोकरास हयातभर अर्धा पगार. देवमनने अर्ज केला. जिनाने कळवले की पारखीचे काम डोळ्यांचे असते आणि अर्जदाराचे डोळे शाबूत आहेत. खालच्या कोर्टाने डॉक्टरकडून डोळे तपासवून घेतले आणि दावा फेटाळला. देवमन बार्शीटाकळीला घरी बसला. दुर्गाबाई लोकांच्या शेतात निंदायला जाई. तिचा डबा तो डाव्या हाताने भरी. जखम आता दुखत नव्हती. दुसरेही फारसे काही दुखत नव्हते.

अपिलात सहसा साक्ष घेत नाहीत. पण न्यायाधीशांना हात स्वतः पाहायचा होता. त्यांनी तो पाहिला आणि "हं" म्हणाले. हे "हं" आपल्या बाजूचे आहे असे बापूसाहेबांना वाटले.

मग जिनाचे वकील उठले. त्यांनी कागदाची पुडी सोडून देवमनपुढे ठेवली.

"हा जिनातल्या चालू मालाचा नमुना. जरीला. बरोबर?"

"मले जमत नाई."

"जमायचं काय त्यात? उत्तम जरीला आहे. नुसतं हो म्हणा."

देवमन पुडीकडे पाहत राहिला.

"खुशालरावांनी स्वतः पारखलाय हा."

बापूसाहेब खोकले. पुन्हा खोकले. देवमनने पुडी जवळ ओढली. पुंजक्याचे एक टोक दातांत धरले, दुसरे डाव्या चिमटीत, आणि मान मागे घेतली. धागा तुटला. तुटलेले टोक त्याने उजेडात धरले.

"याले जरीला म्हन्ते का कोनी?" तो म्हणाला. "चार आने गावरानी हाये याच्यात. अन् वजनासाठी पानी मारेल हाये."

"नक्की?" न्यायाधीशांनी विचारले.

"सायेब, डोये झाकून सांगतो."

जिनाचे वकील "एवढंच" म्हणून खाली बसले.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. बापूसाहेबांनी व्हरांड्यातच मराठी करून सांगितला: अपीलदाराचे कौशल्य पूर्ण शाबूत आहे, हे त्याने कोर्टासमक्ष दाखवून दिले, सबब अपील नामंजूर.

"तीन शब्द सांगतले होते तुमाले," दुर्गाबाई म्हणाली. "पोपटालेही येतात."

"ते जरीला म्हनत होते वं," देवमन म्हणाला.

खुशालराव बाकावरून उठत होते. देवमन त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"मंग सायेब, मी कामावर येऊ का? कोर्ट म्हन्ते मले जमते."

"अरे बाप्पा, दातानं कापूस पारखनारा मानूस बसवू का गादीवर? व्यापारी पयतीन ना!"

देवमनने मान हलवली. हे त्याला पटले. बावीस वर्षांत त्यानेही असा पारखी पाहिला नव्हता.

"अन् तो माल?" त्याने विचारले. "वेगया काहाडला असंन ना?"

"कोनता माल?" म्हणत खुशालराव टांग्याकडे गेले.

त्या मालाच्या गाठी सुनावणीच्या आधीच जरीला म्हणून मुंबईला गेल्या होत्या. तिकडून काही तक्रार आली नाही.