शौनकचा गाल

"पोरी, दुपारी एक फोन आला होता. पण आपल्या पोराचा न्हवता," हौसेराव काका उंबऱ्यातूनच म्हणाले.

मी शौनकचं दूध गार करत होते. शौनक घरात नव्हता. परवा सानपाड्याच्या बाजारात पिशवी फाटली, बटाटे घरंगळले, ते गोळा करायला मी त्याचं बोट सोडलं, आणि मान वर केली तर शेजारी कुणीच नव्हतं. अडीच वर्षांचं पोर. नाव विचारलं तर 'छोनू' सांगतं, बाबांचं नाव विचारलं तर 'बाबा'. दूध पिणारं कुणी नाही हे मला कळत होतं. हात ऐकत नव्हता.

आमच्या घरी फोन अजून लागायचा होता, म्हणून हरवल्याच्या पत्रकावर काकांचा नंबर टाकला होता. ते साताऱ्याकडचे. शेजारी येऊन महिनाच झाला होता. शौनकला त्यांनी जिन्यात येता-जाता पाहिलं असेल तेवढंच.

"कोण होतं? काय म्हणालं?"

"बाई होती. म्हणाली, पोऱ्या गावलाय, तुमच्या पोऱ्याच्या गालावर काला डाग हाय का? मी पत्रक काढलं, चष्मा लावून नीट बघितलं. म्हटलं, न्हाय बाई, आमच्याचा गाल साफ हाय. ठेवला तिनं."

दुधाचा पेला माझ्या हातून ओट्यावर आडवा झाला.

"काका, आहे हो डाग. आहे! डाव्या गालावर. तीळ आहे त्याला."

काका खिशातून पत्रक काढून उलटसुलट बघायला लागले. "मग ह्याच्यात कुठं हाय?"

खरंच नव्हता. माझ्या नवऱ्याने, सुधीरने, काल पत्रकांचा गठ्ठा आणला तेव्हा मी वरवर पाहून मान फिरवली होती. तो चेहरा 'हरवला आहे' या शब्दांखाली बघवत नव्हता. तीळ दिसला नाही तेव्हा वाटलं होतं, छपाईत उमटला नसेल. आता नीट पाहिलं. गोरापान, गुळगुळीत, पावडरच्या डब्यावरचं बाळ. माझा शौनक नव्हे.

"कुठून बोलत होती?"

"ते न्हाय सांगितलं. मागं लई गलका होता." काका खुर्चीत बसले. "मी माती खाल्ली गं पोरी."

त्यांची समजूत काढायला मला वेळ नव्हता. सुधीर पत्रकं चिकटवायला तळोज्याकडे गेलेला. मी चपला घातल्या, दोन वेगवेगळ्या होत्या हे रस्त्यात कळलं, आणि स्टेशनजवळ दीपेशच्या स्टुडिओत गेले. आमच्या भागात कॉम्प्युटरवर फोटो करून देणारा तो एकटाच; पत्रकावरचा फोटोही त्यानेच केलेला. लग्नाच्या फोटोंतून नको असलेली माणसं गायब करतो म्हणून त्याचं नाव होतं.

"वहिनी, काही कळलं?" तो उठून उभाच राहिला.

"तीळ कुठे गेला?"

"कुठला तीळ?"

मी पत्रकावर बोट ठेवलं. त्याने पाहिलं, आणि त्याचा चेहरा हळूहळू उतरला.

"तीट होती ना ती? बोरन्हाणाचा फोटो, वहिनी. काळं झबलं, डोक्यावर हलव्याचा मुकुट, गळ्यात हलव्याचा हार. अशा फोटोत प्रत्येक पोराला तीट असतेच की. मुकुट काढला, हार काढला, चेहरा उजळ केला. म्हटलं तीट कशाला ठेवायची, लोकांना चेहरा स्वच्छ दिसू दे."

त्याच्यावर मी ओरडूही शकले नाही. कारण बोरन्हाणाच्या दिवशी शौनकच्या आत्याने खरंच विचारलं होतं, "तीट लावू का गं?" आणि मीच म्हटलं होतं, "देवानेच लावून पाठवलीय, आणखी कशाला?"

"परत आण तो. असतो ना कॉम्प्युटरमध्ये आधीचा फोटो?"

"त्याच फाइलवर सेव्ह केलं, वहिनी. मूळ फोटो द्या, आत्ता पुन्हा स्कॅन करतो."

मूळ फोटो पोलिसांनी ठेवून घेतला होता. निगेटिव्ह नाशिकला माझ्या भावजयीकडे. जरा मोठा झाल्यावरचा तेवढाच एक फोटो, बाकीचे सगळे पाळण्यातले.

"मग काढ," मी म्हटलं. "मी सांगते तसा काढ."

मी त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसले. स्क्रीनवर शौनकचा गाल एवढा मोठा झाला की चौकटी चौकटी दिसायला लागल्या. दीपेशने एक ठिपका दिला.

"गोल नको. ही तीटच झाली. आणि काळा नको, कॉफीसारखा. मसुरीएवढा, एका बाजूने चपटा."

"असा?"

"खाली घे. आणखी थोडा. हसल्यावर खळी पडते ना, तिच्या वर. मी पापा घेते तेव्हा माझं नाक जिथे टेकतं..."

दीपेश थांबला. खळी कुठे पडते हे त्याला कसं कळणार? त्याने माऊस माझ्याकडे सरकवला. मी आयुष्यात माऊस धरला नव्हता. बाण गालावरून कानाकडे, कानावरून कपाळाकडे पळायचा. दर वेळी दीपेश नुसतं म्हणायचा, "राहू दे, पुन्हा करू." मी डोळे मिटले, ओठांना तो गाल आठवला, डोळे उघडले, तिथे बाण नेला आणि दाबलं.

तिथेच होता तो.

"आता सावळा कर त्याला."

"काय?"

"इतका गोरा नाही माझा मुलगा."

"लोक गोरा करून मागतात हो वहिनी," तो पुटपुटला, आणि स्क्रीनवरची पट्टी मागे सरकवत गेला. उजळपणा उतरत गेला तसतसा शौनक वर येत गेला. शेवटी त्याने माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी पदर तोंडात कोंबला होता.

प्रेस बंद झाली होती. त्याच्या प्रिंटरमधून एकेक कागद कुरकुरत बाहेर आला. ओले कागद फुंकर घालून वाळवताना काकांचे शब्द डोक्यात फिरत होते. पोऱ्या. काला डाग. हे शब्द साताऱ्याच्या काकांचे नव्हेत; इथल्या गावांतली बाई होती ती, खाडीकडची, आणि मागचा गलका बाजाराचा असणार.

सकाळी सानपाड्याचा मासळीबाजार लागताच मी तिथे होते. खांबावर आमचं पहिलं पत्रक डकवलेलं होतंच, गोरं बाळ हसत होतं. सुधीर नवीन कागद त्याच्यावर चिकटवू लागला, मी एकेका कोळणीसमोर वाकत गेले. "मावशी, जरा बघा ना. मावशी, एकदाच."

कुणी मान हलवली, कुणी "घेनार का गो?" म्हणून पापलेट पुढे केलं. कोपऱ्यात एक म्हातारी कोळीण टोपली उतरवत होती. तिने कागद हातात घेतला, खांबावरच्या कागदाकडे पाहिलं, पुन्हा हातातल्याकडे.

"ह्यो तोच पोर काय?"

"तोच. तो फोटो चुकला होता."

तिने बोट जिभेला लावलं आणि कागदावरच्या तिळावर घासलं. शाई थोडी फिसकटली.

"आमच्या टेंपोत रिकाम्या टोपल्यांत निजलाव्ता. दिवा गावाला पोचलो तवा दिसला. चौकीवर नेला, तर म्हनतान तुज्याकरंच ठेव. खांबावरचा कागद बघून सुनेनं फोन पन केला, त्यो बाबा बोलला डाग नाय." तिने माझ्याकडे पाहिलं. "आंगोल घालताना मी पन असाच घासला गो. काजल वाटला मना. रडला, पन निंगाला नाय."