‘झाले’च्या रकान्यातले कुलूप

‘जुन्या, संथ कार्यपद्धतीच्या हट्टापायी शिफ्टबदलाचे सुरक्षा-कुलूप वेळेत बसू शकले नाही,’ असे सॉफ्टवेअर कंपनीने अपघातानंतर जाहीर केले आणि आपल्या अभियंता करुणा साळवेला घरी बसवले. जणू कुलूपच रुसून दाराबाहेर थांबले होते!

पुंडलिकनगरातल्या घरी, पुस्तकांच्या गराड्यात, करुणाने ते वाक्य बनावट ताम्रपट तपासावा तसे तपासले. सॉफ्टवेअर करायची संथ पद्धत आधी सगळे ठरवते, मग बांधते. चपळ, म्हणजे ‘अजाइल’, पद्धत थोडे बांधते, गिऱ्हाइकाला दाखवते, सुधारते. दोन्हींवर जाडजूड ग्रंथ आहेत, दोन्हींकडे शहाणी माणसे आहेत. न केलेले काम झाले म्हणून सांगण्याची मुभा मात्र एकीतही नाही. गिऱ्हाइकाच्या वाळूजच्या कारखान्यात एक पाळी सुटून दुसरी येईपर्यंत पत्रे दाबणारी प्रेस आपोआप बंद राहिली पाहिजे, हे सर्वांत आधी बांधा, असे ती सांगत होती. प्रकल्पप्रमुख विश्वजीतने ते दर वेळी पुढच्या पंधरवड्यावर ढकलले. शेवटी फळ्यावरची त्या कामाची चिठ्ठी त्याने नुसतीच उचलून ‘झाले’च्या रकान्यात चिकटवली. कामगारांना तसे कळवण्यात आले. त्या भरवशावर प्रेसवरच्या कडुबाने पाळी सुटताना साचा पुसायला हात घातला, आणि त्याची बोटे गेली.

गिऱ्हाइकाचा माणूस कायम सोबत हवा, हा चपळ पद्धतीचा दंडक विश्वजीत प्रत्येक भाषणात आळवत असे. अपघातानंतर कारखान्याने तसा माणूस नेमायचे ठरवले, तेव्हा करुणाने ती जागा मागून घेतली. तिची अट एकच होती: पंधरवड्याच्या कामाची पाहणी प्रेससमोर व्हावी.

पाहणीला कारखान्याच्या संचालक सोनियाताई आल्या, विश्वजीत आपली सगळी टीम घेऊन आला, आणि हल्ली गेटवर बसणाऱ्या कडुबाला करुणाने मुद्दाम बोलावून घेतले.

“शिफ्टबदलाचं कुलूप?” तिने विचारले.

“झालं, मॅडम. आता एकदम पक्कं.”

“कागद नको, चालतं सॉफ्टवेअर बघा, असं तुम्हीच म्हणता ना?”

“अर्थात!”

“मग भोंगा होईल आत्ता. साचा पुसून दाखवा.”

प्रेसची मुख्य वीज तिने फोरमन शिवराजकडून आधीच तोडून घेतली होती; पॅनेलवरचे दिवे तेवढे जळत होते. विश्वजीतला हे ठाऊक नव्हते आणि सांगायची तिला घाई नव्हती.

विश्वजीत हसला. “मॅडम, मस्करी पुरे.”

“मस्करी कशाची, साहेब?” कडुबा पुढे झाला. “ठिवा की हात. म्या बी ठिवला व्हता, तुमच्याच भरवशावर.”

“अंगठी तेवढी काढून ठिवा, सायेब,” घरी निघायच्या तयारीतल्या कामगारांतून कुणीतरी ओरडले. “सोनं लई महाग झालंय!”

भोंगा वाजला. विश्वजीतचा हात उठला आणि साच्यापासून वीतभर अलीकडे थबकला. करुणा त्या हाताकडे एकटक पाहत राहिली. आपल्याला कीव येते का, हे तिने प्रामाणिकपणे तपासले. आली नाही.

“विश्वजीत, झालंय ना काम?” सोनियाताईंनी विचारले. “मग अडलंय कुठं?”

त्याने हात मागे घेऊन पाठीशी धरला. सगळ्या पाळीसमोर तो जे बोलला, ते असे:

“नाही ठेवत. कुलूप आजही झालेलं नाही आणि तेव्हाही झालं नव्हतं. करुणानं मला बजावलं होतं. चिठ्ठी मी हलवली, आणि अंगाशी आलं तेव्हा नाव तिचं पुढं केलं.”