एडीचा मका

त्या वर्षी मका निवडायला मला जेवढा वेळ लागला, तेवढा नवरा निवडायलाही लागला नव्हता.

जानेवारीत बियाण्यांचे कॅटलॉग येतात. बाहेर चिखल आणि धुकं असतं, आणि आम्ही अलॉटमेंटवाले, म्हणजे गावाच्या जमिनीचा भाजीपाल्यापुरता तुकडा भाड्याने घेतलेले लोक, हीटरला पाय लावून गुळगुळीत पानांवरचे टोमॅटो बघत बसतो. आमच्या साइटवरचे बाकीचे लोक गोडातला गोड मका शोधत होते. मी मात्र कडक आणि पिठूळ शोधत होते. जांभळा मका दिसायला फार देखणा होता, पण त्याचा पराग शेजारच्या कणसावर पडला की त्याच वर्षी तिथले दाणे जांभळे होतात, आणि मग कुणी काय केलं ते आंधळ्यालाही कळलं असतं. लाल मक्याचं तेच. शेवटी खालच्या कोपऱ्यात मला हवा तो सापडला. लाह्यांचा मका, रंगाने पिवळा. त्याचा पराग उडून गेला तर शेजारचं कणीस दिसायला जसंच्या तसं राहतं. फक्त गोडी जाते. दाताखाली पीठ येतं.

शेजारी म्हणजे विल्फ ऑग्डेन. वय एकोणऐंशी, आमच्या अलॉटमेंटचे सेक्रेटरी, वीस वर्षं तीच हिरवी टोपी. त्यांची बायको एडी हिने लग्नानंतर कुठूनसं जुन्या जातीचं मक्याचं बी आणलं होतं. एडी गेली, पण विल्फनी तो मका सोडला नाही. दरवर्षी सगळ्यांत चांगली दोन कणसं बियाला ठेवायची, बाकीची खायची. दुसरीकडे कुठे तो मिळत नव्हता, कारण तो तयारच मुळी त्यांच्या त्या मातीच्या तुकड्यात झाला होता. सगळे त्याला एडीचा मका म्हणायचे.

आता माझं गाऱ्हाणं ऐका. माझा नवरा डेरेक हॉस्पिटलात शेवटचे दिवस मोजत होता तेव्हा आमच्या प्लॉटवर गवत कमरेएवढं वाढलं. मी सकाळ-संध्याकाळ त्याच्या उशाशी होते, गवत कोण काढणार? फाटकावर माझ्या नावाची नोटीस लागली. खाली सही विल्फ ऑग्डेन यांची. मी त्यांना गाठलं तेव्हा ते म्हणाले, "वाईट वाटतं ग्लेनिस, पण यादीत चाळीस माणसं थांबलीयत. नियम तो नियम." मग ते जमीन मोजायचं चाक घेऊन आले आणि माझा अर्धा प्लॉट तोडून एका नवीन जोडप्याला दिला. त्या अर्ध्यात डेरेकची ब्लॅककरंटची, काळ्या आंबटगोड फळांची, झुडपं होती. नवीन जोडप्याने ती उपटून तिथे बसायला लाकडी ओटा केला. डेरेक शेवटपर्यंत विचारत होता, ब्लॅककरंट पिकली का गं. मी हो म्हणत राहिले.

विल्फ हे सगळं विसरून गेले होते. राग मला त्याचाच होता.

फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारी आमच्या लाकडी खोपटात मक्याची बैठक असते. मक्याचं असं असतं की तो एकट्याने लावता येत नाही. कुणी काय लावलं ते वाऱ्यावर सगळ्यांच्या कणसात जातं. म्हणून चहा पिऊन झाला की फळ्यावर खडूने लिहायचं: रुळांकडच्या टोकाला हा, फाटकाकडच्या टोकाला तो. मग ज्याने त्याने आपल्या टोकाचाच लावायचा. चाळीस वर्षांत ही रीत कुणी मोडली नव्हती.

"विल्फ, या वर्षी तरी तो आजीबाईंचा मका सोडा," रुळांकडचा क्लाइव्ह म्हणाला. "आमचा नवा खाऊन बघा. चहात साखर टाकावी लागणार नाही."

"मला मका खायचाय क्लाइव्ह, गोळ्या चघळायच्या नाहीत. दात उरलेत सहा."

"मग सूप करून प्या."

सगळे हसले. विल्फही हसले आणि माझ्याकडे वळले. "ग्लेनिस, तू माझ्या अगदी शेजारची. तू काय लावणार?"

"तुम्ही द्याल ते," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा असा खुलला की दुसरी कुणी असती तर तिथेच विरघळली असती. ते त्यांच्या शेडमध्ये गेले आणि बियाचं एक अख्खं वाळलेलं कणीस घेऊन आले. "दोन ठेवतो मी. एक सोलून डब्यात घातलंय, हे तुला. एडीला आवडलं असतं. डेरेकलाही." डेरेकचं नाव त्यांनी घ्यायला नको होतं.

फळ्यावर क्लाइव्हने लिहिलं, फाटकाकडे एडीचा. त्या टोकाला मका लावणारे आम्ही दोघंच. घरी जाताना मी कालव्यापाशी थांबले आणि ते कणीस बोटाने सोलून दाणा दाणा बदकांना घातलं. बदकं खूश झाली.

लाह्यांचा मका मी एप्रिलमध्ये खिडकीत लावला, टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळ्यांमध्ये माती भरून. निम्मा आधी, निम्मा दहा दिवसांनी, म्हणजे विल्फच्या कणसांना केस फुटतील तेव्हा माझा कुठला ना कुठला तुरा नक्की झडत असेल. जूनमध्ये रोपं जमिनीत गेली. हिरवी ताटं सगळी सारखीच दिसतात. आमच्याकडे वारा बहुतेक नैऋत्येचा, आणि नैऋत्येला मी. जुलैच्या शेवटी एका सकाळी मी त्या ताटांना हाताने हलवलं तेव्हा पिवळी धूळ उडाली आणि सरळ कुंपणापलीकडे गेली. विल्फ पलीकडे घेवडा बांधत होते. म्हणाले, "छान फुललाय तुझा."

काम झाल्यावर पुरावा ठेवायचा नव्हता. ऑगस्टमध्ये मी माझी सगळी ताटं पाडली, कणसं पिशवीत भरली आणि म्हणाले की बॅजर शिरला होता. बॅजर हे रात्री बिळातून निघणारं जनावर मक्यासाठी काय वाट्टेल ते करतं, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. उलट सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. विल्फ म्हणाले, "माझ्यातली घे."

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी पहिली कणसं खायची असतात. विल्फ आधी स्टोव्हवर पाणी उकळायला ठेवत आणि मगच कणीस तोडायला जात, कारण तोडल्यापासून पाण्यात पडेपर्यंत गोडी कमी होत जाते, असं एडी म्हणायची. पाण्याला उकळी फुटली. आम्ही पाच-सहा जण लोण्याची वडी घेऊन उभे होतो. त्यांनी पहिला घास घेतला.

चावत राहिले. मग थांबले. कणीस तोंडापासून लांब धरून बघितलं, फिरवून पुन्हा चावलं.

"हे पीठ आहे," ते म्हणाले.

क्लाइव्हने चाखलं आणि लोणी बाजूला ठेवलं. दुसरं कणीस आणलं, तिसरं आणलं. कुठे चार दाणे गोड, बाकी सगळं पीठ. विल्फनी तिसरं कणीस खाली ठेवलं. "हा भेसळ झालाय. कुठूनतरी दुसरा मका आलाय. ग्लेनिस, तू मी दिलेलाच लावला होतास ना?"

"दुसरा कुठला लावणार? तुम्हीच तर कणीस दिलंत."

"हो. दिलं होतं. अख्खं दिलं होतं." ते कपाळ चोळत राहिले. "मग माझ्या डब्यातच काहीतरी..."

इथे मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. मक्याचं जे करायचं ते झालंच होतं. पण माझ्या तोंडून फार मऊ आवाजात निघालं, "विल्फ, तुमच्या शेडमध्ये कोंबड्यांच्या मक्याची पिशवी त्या डब्याला लागूनच असते ना? मूठ चुकून डब्यात पडली असेल. मागच्या महिन्यात स्टोव्ह पण चालूच ठेवून गेला होतात."

त्यांनी वर बघितलं. त्यांच्या डोळ्यांत जे दिसलं तो राग असता तर बरं झालं असतं. ती भीती होती. बायको जाऊन नऊ वर्षं एकट्याने राहणाऱ्या माणसाला असते ती.

"मीच केलं," ते म्हणाले. "एडीचं बी मीच घालवलं."

मग त्यांनी माझा हात धरला. "तू ते सगळं कणीस लावलं होतंस का गं? की थोडं ठेवलंस?"

सगळे माझ्याकडे बघत होते. नाही म्हटलं असतं तर ते तिथेच खाली बसले असते. आणि खरं सांगायची तर सोयच नव्हती. "निम्मं आहे घरी," मी म्हणाले.

"मग जिवंत आहे," ते म्हणाले, आणि डोळे पुसले. "तूच लाव आता. माझ्या हातात देऊ नकोस."

ख्रिसमसच्या आधी त्यांची मुलगी हेझल आली आणि त्यांना शेजारच्या गावातल्या वृद्धाश्रमात घेऊन गेली. स्टोव्हचं तिच्या कानावर गेलंच होतं, आणि मक्याचं विल्फनी स्वतः सांगितलं. प्लॉट सोडण्याच्या पत्रात त्यांनी कमिटीला लिहिलं की तो ग्लेनिसला द्यावा, तिचा अर्धा गेलेला आहे. म्हणजे विसरले नव्हते. यादीतल्या चाळीस जणांना डावलून कमिटीने तो मला दिला. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

सप्टेंबरात हेझलचा फोन आला. "बाबा सारखं विचारतात, ग्लेनिस मका कधी आणणार. सोमवारी याल का?"

मी सुपरमार्केटमधून पानांसकट तीन कणसं घेतली. वृद्धाश्रमाच्या बाहेर गाडीत बसून त्यांच्यावरचं लेबल नखाने खरवडून काढलं.

विल्फ खिडकीशी बसले होते, टोपी मांडीवर. मला बघून म्हणाले, "पाणी आधी ठेवलंय ना?" हेझलने ठेवलं होतं. दोन कणसं उकडली, एक तसंच ठेवलं. त्यांनी लोणी लावलं, डावीकडून सुरुवात केली, तीन दाणे चावले आणि थांबले.

"हा एडीचा नाही."

"झालं सुरू," हेझल मला हळूच म्हणाली. "काल म्हणत होते चहा चहासारखा नाही. परवा म्हणे चपला बदलल्या." मग मोठ्याने म्हणाली, "बाबा, त्यांनी एवढं वर्षभर सांभाळलं, एवढ्या लांबून आणलं. नुसतं गोड म्हणा की."

"गोडच आहे. नुसता गोड आहे, साखरेचं पाणी. एडीच्याला दुधाची चव असते." त्यांचा आवाज ठाम होता. सेक्रेटरी असताना असायचा तसा. "मी मूर्ख नाही हेझल. ग्लेनिस, तू सांग हिला."

त्या खोलीत खरं काय ते दोघांनाच माहीत होतं. त्यांची जीभ शाबूत होती. मी नुसतं एकदा 'हो, विल्फ बरोबर बोलतायत' म्हटलं असतं, तर त्यांना त्यांचं डोकं परत मिळालं असतं. मला लाज वाटली. पण लाजेने माणूस खरं बोलतोच असं नाही.

"एडीचाच आहे, विल्फ," मी म्हणाले.

त्यांनी कणीस फिरवून बघितलं. मग मान हलवली. "मग जीभपण गेली," ते म्हणाले. "डोकं गेलं तेव्हा वाटलं होतं, ती तरी राहील."

पुढे त्यांनी ते अख्खं कणीस खाल्लं. ओळीने, डावीकडून उजवीकडे, एकही दाणा न सोडता, कारण तो एडीचा होता असं मी सांगितलं होतं. हात पुसले आणि न उकडलेलं तिसरं कणीस उचलून माझ्या हातात दिलं.

"हे बियाला ठेव, पोरी. नीट वाळव. आता सगळं तुझ्यावरच आहे."

मी ते पिशवीत ठेवलं.