विकायला काढलेला ओव्हन

माझ्या सुनेला, निकिताला, खराडीच्या कंपनीने मार्चमध्ये नारळ दिला. बाईसाहेबांनी शेवटच्या पगारातून काय आणावं? ओव्हन! मी म्हटलं, "वा! नोकरी गेली की लोक खर्च आवरतात, असं ऐकून होते." ती ओव्हनचं खोकं फोडत राहिली. तीन महिने ती कुणाशीच धड बोलत नव्हती, त्यामुळे माझा टोमणाही फुकट गेला.

त्या ओव्हनमध्ये ती प्रेट्झेल करायची. परदेशी पावाचा प्रकार. हिचे आपले एका घासाचे गोळे, आणि आत पिझ्झाचं सारण: टोमॅटोची चटणी, चीज, सिमला मिरची. चवीला झकास, पण रंग पांढराफटक. तिच्या जुन्या ऑफिसचं कॅन्टीन चालवणाऱ्या दिगंबररावांनी दोनदा नमुना नाकारला. म्हणाले, "मॅडम, हे कच्चे दिसतात."

तिसरा नमुना सोमवारी द्यायचा होता. रविवारी निकिता म्हणाली, "आई, उद्या नाही जमलं तर ओव्हन विकायचा. खालच्या चंपाताई सहाला न्यायला येतील." भाजी आणायला सांगावं तसं सांगितलं तिने. ओव्हन गेला तर गेला, पण ही पोरगी पुन्हा दिवसभर भिंतीकडे बघत बसली असती, ते मला बघवणार नव्हतं.

म्हणून सोमवारी मी पदर खोचला. ती सारण भरून गोळ्यांची तोंडं बंद करायची, मी ते उकळत्या पाण्यात सोडायचे. रंग यावा म्हणून भाजण्याआधी सोड्याच्या पाण्यातून अर्धं मिनिट काढावे लागतात म्हणे. "आई, दोन चमचे सोडा घाला हं." मी फळीवरची बरणी काढली आणि घातला. चष्मा कपाटात होता. चाळीस वर्षं स्वयंपाक केलेल्या बाईला सोडा घालायला चष्मा लागतो होय?

गोळे जरा पिवळसर होऊन वर आले. मला खटकलं, पण म्हटलं, पिठाचाच रंग असेल. वर जाड मीठ भुरभुरून तिने ते भाजायला ठेवले आणि काचेसमोर बसून राहिली. थोड्या वेळाने ओरडली, "अय्या, आई, बघा ना!" काय रंग आला होता! तपकिरी, चकचकीत, खरपूस. डबा भरून ती रिक्षाने गेलीसुद्धा.

मी ओटा आवरला, चष्मा लावला आणि बरणी उचलली. तिच्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'पापडखार'. उन्हाळ्यात उडदाच्या पापडांसाठी आणलेला, त्यातला उरलेला. सोड्याची बरणी शेजारी तशीच भरलेली. अगं बाई गं! रंग आला खरा, पण चव बिघडली असणार. पोरीच्या शेवटच्या संधीत मीच माती कालवली होती. चारदा फोन लावला, तिने उचलला नाही.

सहाला बेल वाजली. दारात चंपाताई. "जय भीम, हिराताई. ओव्हन तयार आहे ना?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांच्या मागून निकिता धावत जिना चढून आली. हातात रिकामा डबा.

"आई, घेतले! उद्यापासून रोज शंभर! पण म्हणाले, रंग अगदी हाच हवा, नाहीतर परत पाठवीन."

आता आली का पंचाईत! गप्प बसले असते तर आजची शाबासकी मिळाली असती, आणि उद्या पुन्हा पांढरे गोळे. सुनेसमोर चूक कबूल करायची, तीही चंपाताईंच्या देखत! पण बोलले. "निकिता, मी सोडा नाही घातला. चुकून पापडखार पडला. रंग त्याचाच आहे."

"पापडखार?" ती म्हणाली. मग हसायला लागली. हसता हसता पायरीवरच बसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. तीन महिन्यांनी तो आवाज ऐकला आणि माझेही डोळे भरून आले.

"म्हणजे ओव्हन नाही मिळायचा?" चंपाताई म्हणाल्या.

"नाही. चहा मिळेल, आत या," मी म्हटलं. "आणि तुमच्याकडे पापडखार उरला असेल तर तेवढा घेऊन या. माझ्या सुनेला आता रोज लागणार आहे."