सहा टोप्या आणि मी

मी एक्स बोलतोय. कीबोर्डवरचा. सगळ्यात खालच्या रांगेत, झेड आणि सी यांच्या मधोमध माझी जागा. म्हणजे, होती.

आत्ता मी कुठून बोलतोय ते शेवटी सांगतो. आधीच सांगितलं तर तुम्ही माझी काळजी करत बसाल, आणि काळजी करायला आमच्या घरात एक माणूस आहे, तेवढं पुरेसं आहे.

माझा जन्म साच्यातला. गरम प्लास्टिक, वरून एक दाब, की आम्ही शंभर आणि वर चार भावंडं एकदम जगात आलो. मग कुणाच्या कपाळावर काय लिहायचं ते ठरलं. एच्या नशिबी कष्ट आले. स्पेसबार अंगाने थोराड निघाला. आणि माझ्या कपाळावर फुली मारली. अजून काही केलंही नव्हतं हो मी.

पहिली नोकरी एका ऑफिसात लागली. तिथे मला एकट्याला कुणी विचारत नसे. कोपऱ्यातलं कंट्रोलचं बटण दाबून वर मला दाबलं, की लिहिलेला मजकूर कापला जाई. तेवढंच माझं काम. चार वर्षं नुसती कापाकापी. ज्याला फक्त कापायला बोलावतात, त्याला घरचं कोण म्हणणार? ए, ई, आय ही मंडळी घासून गुळगुळीत झाली आणि मी मात्र नव्या नवरीसारखा कोरा करकरीत. त्याचीही लाज वाटायची.

पुढे ऑफिसने नवीन कीबोर्ड घेतले आणि तिथल्या कारकुनाने आम्हाला जुन्या कॉम्प्युटरसकट घरी आणलं. दुसरा मजला, बाहेरच्या खोलीतला कोपरा, समोर खिडकी. घरात चौघं. हा कारकून, त्याची बायको, त्यांची चौदा महिन्यांची चिंगी, आणि कारकुनाचे वडील, म्हणजे आजोबा.

आजोबा जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आले. सुटा भाग येईपर्यंत लिफ्टच्या टपावर तास तास बसून राहायचं. तिथे बसून बसून त्यांनी एका फाटक्या पुस्तकातून एस्परांतो नावाची भाषा शिकून घेतली. ही भाषा म्हणे कुठल्याच देशाची नाही, म्हणून सगळ्यांची. आख्ख्या गल्लीत ती बोलणारे हे एकटेच. शेजारपाजारचे म्हणत, बरंय, भांडण व्हायला नको.

पण भांडायला त्यांचा एक जोडीदार होता. समुद्रापलीकडचा एक न्हावी. तेहतीस वर्षं दोघांची पत्रं चालली, एकमेकांचं तोंड न बघता. वाद एकच. लिफ्टमध्ये आरसा असावा की नसावा? न्हावी म्हणे, असावा. आजोबा म्हणत, नसावा, माणूस आरशात बघत राहतो आणि त्याचा मजला निघून जातो. तेहतीस वर्षांत एकही तसूभर हलला नाही.

मग आजोबांचा हात कापायला लागला. अक्षर वाचता येईना. म्हणून कॉम्प्युटर.

आता माझी खरी गोष्ट इथे सुरू होते. त्या भाषेत सहा अक्षरं अशी आहेत, की ती डोक्यावर टोपी घातल्याशिवाय बाहेर पडत नाहीत. सी, जी, एच, जे, एस यांची टोपी उतरत्या छपरासारखी. यूची उलटी, वाटीसारखी. आणि कीबोर्डवर यांतली एकही टोपी नाही.

आजोबांनी पहिलं पत्र तसंच, बिनटोपीचं पाठवलं. महिन्याने उत्तर आलं. न्हाव्याने आरशाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. एवढंच लिहिलं होतं, की तुमची अक्षरं उघड्या डोक्याने आली, घरी सगळं ठीक आहे ना?

आजोबा दोन दिवस जेवले नाहीत नीट.

तेव्हा मुलाने कुठूनसा एक छोटा प्रोग्राम आणून बसवला. अक्षर दाबायचं आणि त्याच्या पाठोपाठ मला दाबायचं. मी अक्षराच्या डोक्यावर टोपी ठेवतो आणि नाहीसा होतो. कागदावर माझा मागमूस राहत नाही. मलाच का निवडलं? तर त्या भाषेला माझा काही उपयोगच नाही. तिच्या बाराखडीत एक्स नाही. रिकामा होतो, म्हणून कामाला लागलो. लोक एकमेकांना टोप्या घालतात तशातली ही गोष्ट नव्हे बरं. ही मायेची टोपी.

दाबणारी मात्र होती सूनबाई. आजोबा हाताने लिहिलेलं एकेक अक्षर वाचून दाखवत आणि ती टाइप करी. सातवीत शाळा सुटली, पण एबीसीडी पक्की होती. भाषा तिला ओ की ठो कळत नव्हती. पहिल्या दिवशी फक्त एक शब्द तिने विचारून घेतला, टोपीला काय म्हणतात? आजोबा म्हणाले, चापो. बघ, त्याच्या पहिल्याच अक्षराला टोपी आहे. तिला ते फार पटलं. टोपीने स्वतः बोडकं फिरणं बरं दिसलं नसतं.

सूनबाईचा स्वभाव काळजीचा. गॅस बंद केला का, ते तीनदा बघणार. चिंगी गाढ झोपली की नाकाखाली बोट धरून श्वास चालू आहे ना, ते बघणार. या कामाला असंच माणूस हवं होतं. प्रत्येक ओळ झाली की ती बोट फिरवत टोप्या मोजायची. हा एक, ही दोन, अरे, हा जे तसाच निघाला होता की. पोराला पकडून कानटोपी चढवावी तशी मला दाबायची. यूच्या वाटीत पाणी साठणार नाही ना, असं तिने एकदा खरंच विचारलं. आजोबा नेहमी चहा दे, पेपर दे, एवढंच बोलणारे. त्या दिवशी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

माझेही दिवस पालटले. पत्रागणिक शेदीडशे टोप्या. मी घासला गेलो, कपाळावरची फुली पुसट झाली. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

पण चिंगी बघत होती.

आजोबा बारा महिने डोक्यावर लोकरीची कानटोपी घालत. केस गेल्यापासून डोकं गार पडतं म्हणत. त्या टोपीची कड दुमडलेली, आणि त्या दुमडीत ते हरवू नये असं सगळं ठेवत. पेन्सिलीचा तुकडा, बसचं तिकीट, डॉक्टरांची चिठ्ठी. चिंगी हे रोज बघायची.

एका सकाळी पत्र अर्ध्यावर असताना दूध उतू जायला आलं म्हणून सूनबाई आत धावली. चिंगीला तिने आजोबांच्या मांडीवर दिलं. आजोबा शब्दकोशात मान खाली घालून काहीतरी शोधत होते. चिंगीने माझ्याखाली नख घातलं, दोन्ही हातांनी ओढलं, आणि टक. मी बाहेर.

पहिल्यांदा मी तोंडात गेलो, खोटं कशाला बोलू. तिथे वर दोन आणि खाली दोन दात आहेत. एकाने माझा पाय मोडला. पण चव आवडली नसावी. तिने मला बाहेर काढलं, फ्रॉकला पुसलं, समोर आजोबांचं वाकलेलं डोकं बघितलं आणि टोपीच्या दुमडीत नीट आत सारून ठेवलं. माझ्या पोटाला बारीक आकडे असतात, ते लोकरीत रुतले.

सूनबाई परत आली. तिला दिसलं ते एवढंच, की कीबोर्डला खिंडार पडलंय आणि चिंगी जिभेने ओठ चाटतेय.

त्यानंतर जे झालं ते मी आजोबांच्या डोक्यावरून पाहिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे कळसा कळसाच्याच जागी होता, तरी वळसा चुकला नाही.

आधी चिंगीला पालथं घातलं. मग सोफा पालथा घातला. मुलगा ऑफिसातून धावत आला. सगळे दवाखान्यात गेले. बटण केवढं होतं ते डॉक्टरीणबाईंना दाखवता यावं म्हणून मुलाने अख्खा कीबोर्ड काखेत मारून नेला. रांगेतले लोक त्याला वाट देत होते. याचं नक्की काय दुखतंय, ते कुणाला कळेना.

डॉक्टरीणबाईंनी घसा बघितला, छाती तपासली, पोट दाबून बघितलं. सूनबाई म्हणाली, एक्स-रे काढा. बाई म्हणाल्या, प्लास्टिक त्यात दिसत नाही. पोरगी हसतेय, श्वास मोकळा आहे, दूध पितेय. तीन दिवस शीवर लक्ष ठेवा. खोकला, उलटी, ताप, काहीही झालं तर लगेच घेऊन या. आणि केसपेपरवर त्यांनी लिहिलं, एक्स गिळला असावा.

मला ओरडून सांगायचं होतं, की मी इथे आहे, लोकरीत. पण मी बटण. मला दाबतात, मी बोलत नाही.

बोलत होती ती चिंगी. एक्स कुठे आहे, असं विचारलं की ती सरळ आजोबांच्या डोक्याकडे बोट करायची. मुलगा म्हणाला, टोपीशी खेळायचंय तिला. आजोबा म्हणाले, आत्ता नको गं बाळा, आणि टोपी कानांवर आणखी घट्ट ओढायचे. मी आणखी आत.

सूनबाईने तीन दिवस चिंगीच्या भांड्यात काय काय काडीने उलटंपालटं केलं, ते इथे सांगण्यासारखं नाही. आजोबा खिडकीशी बसून राहिले. माझ्या मांडीवर असताना झालं, एवढंच म्हणायचे. अंघोळीला टोपी खुंटीवर, अंघोळ झाली की डोक्यावर. पेन्सिलीला त्यांनी हातही लावला नाही, नाहीतर मी तिथेच सापडतो.

पहिल्याच दुपारी सूनबाईला एकदम आठवलं. मागे एका पत्रात न्हाव्याने लिहिलं होतं, की त्याच्या मुलाने लहानपणी कोटाचं बटण गिळलं होतं. आजोबांनी तेव्हा हसत वाचून दाखवलं होतं. ती म्हणाली, बाबा, त्यांना विचारा, पुढे काय झालं. मुलगा म्हणाला, डॉक्टर आहेत ना सांगायला. ती म्हणाली, डॉक्टरांच्या मुलाने गिळलं नव्हतं.

तिने सांगितलं, आजोबांनी तोंडीच त्या भाषेत केलं. तेहतीस वर्षांत आजोबांचं आरशाचा उल्लेख नसलेलं हे पहिलंच पत्र. टाइप करायला बसले तर एक्सच्या जागी भोक. आजोबांनी शब्दकोश मिटला. म्हणाले, "टोप्या राहू देत आज."

ज्या माणसाने टोप्यांपायी जेवण सोडलं होतं, तो माणूस हे म्हणाला.

सूनबाई म्हणाली, "नको बाबा. त्यांना नीट कळलं नाही तर?"

तिने त्या भोकात वाकून बघितलं. तळाशी रबराचा एक फुगवटा होता. तिने तो करंगळीने दाबला. पडद्यावर एसच्या डोक्यावर टोपी आली.

माझं काय झालं असेल, विचार करा. म्हणजे टोप्या मी घालतच नव्हतो. इतकी वर्षं तो खालचा रबरी फुगवटा काम करत होता आणि मी वर बसून फुशारक्या मारत होतो. पण खरं सांगतो, वरून सगळं पत्र मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. बटणाला आपलं काम कधी दिसत नाही. सूनबाई रडत होती आणि मोजत होती. एकशे बारा टोप्या. एकही अक्षर उघड्या डोक्याने गेलं नाही.

घाई होती म्हणून पत्र या वेळी टपालाने न धाडता मुलाने न्हाव्याच्या लेकीच्या ईमेलवर पाठवलं. न्हावी आठवड्यातून दोनदाच तिच्याकडे जाऊन ईमेल बघतो. उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. आजोबा चष्मा शोधू लागले. सूनबाई पडद्याकडे डोळे फाडून बघत होती. कळत तर काही नव्हतं. पण चौथ्या ओळीत तिला एक ओळखीचा सी दिसला, टोपीवाला, आणि पुढे तो अख्खा शब्द. चापो. पुढच्या ओळीत पुन्हा चापो. त्याच्या पुढच्या ओळीत पुन्हा.

ती उठली आणि तिने सासऱ्यांच्या डोक्यावरची टोपी खस्सकन काढली.

मुलगा दारातच थिजला. त्या घरात असं कुणी कधी केलं नव्हतं. टोपी तिने उलटी धरून झटकली. पेन्सिल पडली, तिकीट पडलं, चिठ्ठी पडली. मग तिने बोट घालून चाचपलं आणि मला लोकरीतून सोडवलं.

चिंगीने टाळ्या वाजवल्या. तीन दिवस ती हेच तर सांगत होती.

सूनबाई मला मुठीत धरून खाली बसली. आजोबा उघड्या डोक्याने तिच्याजवळ जमिनीवर बसले. मग चष्मा सापडला आणि त्यांनी पत्र वाचून दाखवलं. न्हाव्याने लिहिलं होतं, की माझ्या मुलाने बटण गिळलंच नव्हतं, हे लाजेने मी तुम्हाला कधी कळवलं नाही. आम्ही आठवडाभर त्याचं भांडं तपासलं. अकरा वर्षांनी ते माझ्याच जुन्या टोपीच्या अस्तरात निघालं. तेव्हा आधी तुमची टोपी झाडा, मग पोरीला त्रास द्या. आणि हो, तुमच्याकडे आरसा असता, तर टोपीत काय आहे ते तुम्हाला पहिल्याच दिवशी दिसलं असतं.

आजोबांनी या मुद्द्यावर अजून उत्तर दिलेलं नाही.

माझा मोडका पाय काही जुळला नाही, म्हणून कीबोर्डवर मी आता बसत नाही. माझं काम सूनबाईची करंगळी करते. सासऱ्यांजवळ बसून ती रोज एक नवा शब्द विचारून घेते, कालचा होता खिडकी. न्हाव्याने शेवटी लिहिलं होतं, तुमचं ते बटण मला पाठवा, माझ्याजवळ कोटाचं बटण एकटंच आहे.

तर मी आत्ता एका पाकिटातून बोलतोय. पत्ता आजोबांनी कापऱ्या हाताने, पण स्वतः लिहिला, आणि त्यातल्या टोप्या सूनबाईने पेनाने गडद केल्या. आजवर मी दुसऱ्यांना टोप्या घालून बाहेर पाठवत आलो आणि स्वतः मागे राहिलो. आज मी निघालोय.

पाकीट बंद करण्याआधी सूनबाईने आत डोकावून बघितलं. पुन्हा बघितलं. मग कापसाचा एक बोळा आणला आणि माझ्या कपाळावरच्या पुसट फुलीवर नीट दाबून बसवला.

माझ्या डोक्यावर कुणी काही ठेवायची ही पहिलीच वेळ.

तुमच्या घरी कुणी दारातून परत बोलावून तुमची टोपी, तुमचा डबा, तुमच्या शर्टाचं बटण बघत असेल, तर चिडू नका. दोन क्षण उभे राहा. बघू द्या.

येतो मी. डिंक लावताहेत.