मी इंजिनाचा कान

भिंतीला कान असतात, हे तुम्ही ऐकलंच असेल. मित्रांनो, कान इंजिनालाही असतो. मी एका छोट्या मोटारीचा असाच एक जुना कान आहे. कागदोपत्री मला नॉक सेन्सर म्हणतात, पण कान म्हटलेलंच मला आवडतं.

माझा जन्म कारखान्यात झाला. सुपारीएवढा जीव आणि पोटात एक चकती. तिला हादरा बसला की इवलीशी वीज निघते, तीच माझी बोली. मला हलवून, तापवून पाहिलं आणि एका बोल्टने इंजिनाच्या कुशीत आवळून टाकलं. तेव्हापासून मी जागचा हललेलो नाही.

आमचं इंजिन लहानखुरं, म्हणून त्याला टर्बो दिलेला. टर्बो हवा ठासून भरतो, मग लहान इंजिनही मोठ्याचा आव आणतं. पण दाब आणि उष्णता फार वाढली की पेट्रोलचा तोल सुटतो. ठिणगीने लावलेली आग पोचायच्या आतच उरलेलं पेट्रोल आपणहून भडकतं आणि आत ठक्कन ठोका पडतो. तो ऐकला की मी गाडीच्या संगणकाला कळवतो. तो ठिणगी जरा उशिरा पाडतो. इंजिन वाचतं, पण त्याचा जोर कमी होतो. त्याबद्दल सगळे गाडीला नावं ठेवतात, आणि इंजिन वाचलं याचं कौतुक कुणालाच नसतं.

आमच्या घरी काका आणि काकू. काका निवृत्त मुख्याध्यापक. शाळा सुटली, पण वर्गावरचा आवाज काही सुटला नाही. घर टेकडीच्या माथ्यावर, आणि वाटेत एक नाठाळ वळण. पुढे काकांची नजर अधू झाली आणि डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायला मनाई केली. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, तुला गाडी जमणार नसेल तर घर विकू या. दोघं इकडेच या." काकूंना ते घर सोडायचं नव्हतं. म्हणून साठी उलटल्यावर त्या गाडी शिकल्या.

सपाट रस्त्यावर त्या झकास चालवत. चढ लागला की शेजारी काकांची शाळा भरे.

"अगं, गियर कशाला पाडतेस? खालच्या गियरला गाडी पेट्रोल पिते! चौथ्यातच ठेव!"

काकू चौथ्यातच ठेवत. इंजिन धापा टाके, ठोके ऐकून ऐकून माझे कान किटत, आणि नेमकी वळणावर गाडी बंद पडे. मग काकू घाईघाईने पुन्हा किल्ली फिरवत.

काकांनी सगळं खापर पेट्रोलवर फोडलं. जास्त ऑक्टेनचं महागडं पेट्रोल भरून आणायला लावलं. "गाडीला टॉनिक पाजतोय," असं ते शेजाऱ्यांना सांगत. खोटं कशाला बोलू? सपाटीवर मला तसूभरही फरक ऐकू आला नाही. चढावर, भर उन्हात मात्र ठोके कमी झाले आणि इंजिनाला थोडा जोर आला. एकदा तर वळण पार झालं. काकांनी टाळी वाजवली, "बघितलंस? टॉनिक!"

पुढच्याच खेपेला गाडी पुन्हा वळणावर अडली. काका भडकले, "तुला हे जन्मात जमायचं नाही!"

काकूंनी हँडब्रेक ओढला आणि हळूच म्हणाल्या, "अहो, मुलाला फोन करा. घर विकायचं म्हणावं."

मित्रांनो, माझ्या पोटातल्या चकतीला एरवी फक्त हादरा कळतो. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

घराबरोबर गाडीही विकायची ठरली, म्हणून आधी तपासायला ती खाली गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिकने यंत्र जोडलं आणि माझं सांगणं पहिल्यांदाच कुणीतरी वाचलं.

"काका, चढावर इंजिन फार ठोकतंय."

"अहो, पण मी महागातलं पेट्रोल घालतोय!"

"त्याच्यात ताकद जास्त नसते, काका. ते दाबाखाली लवकर भडकत नाही, एवढंच. कंपनीने साधं चालेल म्हटलंय ना, मग सपाटीला साधंच घाला. चढावर महागाचा थोडा फायदा होतो. पण काकूंनी वेळेवर गियर पाडला, तर ही गाडी साध्यावरही चढेल."

काकू काकांकडे बघून म्हणाल्या, "म्हणजे दाब पडल्यावर न भडकणारं काहीतरी जगात मिळतं तर!"

मेकॅनिक खाली बघून हसला. काका मात्र हसले नाहीत. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

परतताना पुन्हा तोच चढ आला. काकांनी सीट घट्ट धरली. वळणाआधी काकूंनी गियर पाडला आणि इंजिन मोठ्याने गाऊ लागलं. काकांचं तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. मी कान टवकारून बसलो होतो. ठोका आतही पडला नाही आणि बाहेरही नाही. गाडी सरळ दारात जाऊन थांबली.

काका म्हणाले, "परवा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय. नेशील का मला?"

त्यांनी आजवर नुसतं 'चल' म्हटलं होतं. काकूंनी डोळे पुसले आणि मुलाला फोन लावला, "अरे, आम्ही इथेच राहतोय."

आता माझ्यावर तेलाची पुटं चढली आहेत. ती कुणी पुसली नाहीत तरी माझी तक्रार नाही. मित्रांनो, गाडीला सोसेल ते पेट्रोल घाला आणि तिचा आवाज ऐकत जा. आणि शेजारचं माणूस चढ चढत असेल, तेव्हा थोडा वेळ गप्प बसा. त्याला चढता येतं.